पाणी तर अगदी स्वच्छ होतं!

रविवारची सकाळ. चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या एका फ्लॅटच्या न्हाणीघरात माशांची काचेची पेटी रिकामी करून ठेवली होती. आईनं ओढणी कमरेला खोचली होती आणि भांडी घासायच्या ब्रशनं ती पेटीचे कोपरे घासत होती. तळातले खडे, प्लॅस्टिकची झाडं, फिल्टरचा स्पंज, सगळं वाहत्या नळाखाली खळखळून धुऊन झालं. तोवर चार गोल्डफिश बादलीत वाट पाहत होते. तासाभरानं पेटी पुन्हा दिवाणखान्यात आली. आतलं पाणी इतकं नितळ दिसत होतं की पेटीत पाणी आहे की नाही, अशी शंका यावी.

मंगळवारी सकाळी त्यातला एक मासा उलटा तरंगत होता. बुधवारी दुसरा. तो काळा होता आणि मुलाचा विशेष लाडका होता.

"आई, तू तर परवाच सगळं स्वच्छ केलंस ना? मग?"

आईकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांत हे तिसऱ्यांदा घडत होतं.

हे कुटुंब मूळचं नागपूरचं. बाबांना रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पेरांबूरच्या कारखान्यात बदली मिळाली आणि २०१८ च्या जूनमध्ये बिऱ्हाड चेन्नईला आलं. मोठ्यांचं काय, ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर भागून जातं आणि भाजीवालीशी बोटांच्या खुणांनी बोलता येतं. अडचण झाली ती नऊ वर्षांच्या मुलाची. शाळेत मधल्या सुट्टीत सगळी मुलं तमिळमध्ये बोलायची. हा डबा उघडून एका कडेला बसायचा. संध्याकाळी खाली खेळायला जा म्हटलं, की याचं पोट दुखायचं.

एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे त्यानं माशांची पेटी पाहिली. तमिळमध्येही माशाला मीनच म्हणतात, हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला! आपली मीन रास, तीच ही. या शहरात त्याला सापडलेला हा पहिला ओळखीचा शब्द. रंगीत मासे म्हणजे 'वण्ण मीन'. दोन दिवसांत घरी दोन फूट लांबीची पेटी आली आणि खालचा मुलगा रोज वर येऊ लागला. त्यामुळे मासे मरू लागले तेव्हा आईच्या पोटात जो गोळा आला, तो केवळ माशांसाठी नव्हता.

दुसऱ्यांदा मासे मेले तेव्हा शेजारच्या मामींनी समजूत घातली होती, "वाईट वाटून घेऊ नका. घरावर येणारं संकट माशानं आपल्या अंगावर घेतलं." नागपूरहून आजींनीही फोनवर जवळजवळ तेच सांगितलं. काळा मासा तर त्यासाठीच ठेवतात म्हणे! ऐकायला बरं वाटतं. पण या समजुतीचा एक तोटा आहे. एकदा ती मान्य केली की मासा का मेला, हे शोधायचं कारणच उरत नाही. माणूस बाजारातून दुसरा मासा आणतो, त्याच पाण्यात सोडतो आणि पुढच्या संकटाची वाट पाहत बसतो.

या वेळी मुलगा रडला नाही. त्यानं आपलं अभ्यासाचं टेबल फिरवून घेतलं. आता बसल्यावर त्याची पाठ पेटीकडे होत होती. उरलेले दोन मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडून धापा टाकत होते.

खालचा मुलगाच अखेर म्हणाला, "दुकानात मासा नेऊ नका, पाणी न्या." आईनं पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत पेटीतलं पाणी भरून घेतलं. रक्ताचा नमुना घेऊन लॅबमध्ये जावं, तशी ती निघाली.

अक्कांनी विचारलेले प्रश्न

रंगीत माशांसाठी कोळत्तूरचं नाव देशभरच्या हौशी लोकांना ठाऊक आहे. मुळात हे शहरच माशांच्या हौसेचं. मरिना किनाऱ्यावर तर १९०९ मध्येच मत्स्यालय उघडलं होतं. कोळत्तूरच्या गल्ल्यांमधून ओळीनं दुकानं आहेत आणि आसपास घरांच्या मागे सिमेंटच्या टाक्यांमध्ये माशांची पैदास करणारी कुटुंबं आहेत. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दाराशी टांगलेल्या असतात. एका पिशवीत गप्पी, दुसरीत मोली, तिसरीत आपल्याच रंगात मश्गुल असलेला एकटा फायटर.

अशाच एका दुकानात पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. त्यांनी बाटली हातात घेतली, पण पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांचे प्रश्न सुरू झाले. पेटी केवढी? मासे किती, कोणते? खाणं दिवसातून किती वेळा? पाणी कोणतं, बोअरचं, नळाचं की लॉरीचं? पाणी बदलता कसं, मा?

शेवटच्या प्रश्नाला आईनं मोठ्या अभिमानानं उत्तर दिलं. दर रविवारी सगळंच्या सगळं पाणी काढते, एकेक खडा धुते, स्पंज साबणानं नाही पण नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत पिळून काढते.

अक्कांनी कपाळावर हात मारला नाही, एवढंच. त्यांनी काचेच्या छोट्या नळीत ते पाणी घेतलं आणि त्यात दोन बाटल्यांतले थेंब टाकले. पाणी आधी पिवळसर दिसत होतं, ते पाहता पाहता गर्द हिरवं झालं. "अमोनिया," अक्का म्हणाल्या. "पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं म्हणजे विष."

डोळ्यांना नितळ दिसणाऱ्या पाण्यात विष! आईला ते पटेना. बाटली पुन्हा उजेडात धरून तिनं पाहिलं. कचरा नाही, वास नाही.

वास्तविक यात गूढ काही नाही. मासा पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात घाणही करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेलं अन्न कुजलं की त्यात भर पडते. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो. पण साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच पेटीत काठोकाठ भरलं तरी चोपन्न लिटरच पाणी मावतं. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली तर त्याहून कमी. तेवढ्यात चार गोल्डफिश म्हणजे दोन खोल्यांत चार बिऱ्हाडं! त्यातून गोल्डफिश मुळातला थंड पाण्यातला आणि भरपूर घाण करणारा मासा. त्याला मोठी जागा लागते, हे दुकानातून पिशवी घेऊन निघताना सहसा कुणी सांगत नाही.

मग इतरांच्या पेटीत मासे जगतात कसे? तिथे त्यांच्या मदतीला सूक्ष्म जंतू असतात. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचं नायट्रेट करतात. ते फार साठलं नाही तर मासे सहन करतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखवले होते. पण घरगुती पेटीतलं नायट्राइट मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे जंतू संपवतात, हे कळायला १९९८ साल उजाडावं लागलं. हे जंतू पाण्यात फारसे नसतात. ते खड्यांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये चिकटून राहतात. स्पंजवरचा तो बुळबुळीत तपकिरी थर, जो आई दर रविवारी पांढरा होईपर्यंत पिळत होती, तोच माशांचा जीव राखणारा होता.

अक्कांनी हे दोन वाक्यांत सांगितलं, पण आईला ते नीट समजलं घरी परतताना, रिक्षात. आपण रोज दही लावतो. भांडं कितीही चकचकीत असो, दूध कितीही चांगलं असो, विरजण घातलं नाही तर दही लागत नाही. ती दर आठवड्याला विरजणच धुऊन टाकत होती. उपमा अगदी तंतोतंत नाही. दही एका रात्रीत लागतं, तर नव्या पेटीत हे जंतू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात स्पंज धुतला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिच्या पेटीनं सलग सहा आठवडे कधी पाहिलेच नव्हते.

चेन्नईचं पाणी, चेन्नईचं ऊन

नागपूरला असताना शेजारी एकांकडे गोल्डफिश होते. तेही असंच सगळं पाणी बदलायचे आणि तरी त्यांचे मासे टिकायचे. मग इथेच का?

यामागे दोन कारणं होती. इमारतीच्या बोअरचं पाणी जड होतं. बादल्यांवर पांढरे थर बसायचे, डाळ शिजायला वेळ लागायचा. अशा पाण्याचा पीएच आठच्या आसपास किंवा वर असतो. आणि अमोनियाचा विषारीपणा पीएचवर आणि तापमानावर ठरतो. पाणी तीस अंशांवर असताना पीएच सात असेल, तर एकूण अमोनियाच्या शंभर भागांतला जेमतेम एक भाग विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच सात-आठ भागांवर जातो. म्हणजे घाण तेवढीच, पण विष जवळपास दसपट! शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. मासे वर येऊन धापा टाकत होते, त्यात याचाही वाटा होता.

आईनं मधे एकदा आणखी एक उपाय केला होता. बोअरचं पाणी वाईट असेल म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं पाणी भांडं-भांडं करून पेटीत भरलं. आपण पितो तेच माशांना, याहून चांगलं काय असणार? पण त्या यंत्रात बहुतेक क्षार निघून जातात आणि माशांना ते हवे असतात. क्षारच नसतील तर पाण्याचा पीएचही स्थिर राहत नाही. जड पाण्यातले मासे एकदम त्या पाण्यात गेले, तेव्हा त्यांना तो धक्का सोसला नाही. त्या खेपेला तीन मासे एकाच रात्री गेले होते.

अक्कांनी पाणी बदलायला सांगितलंच नाही. मासे बदला म्हणाल्या. गप्पी, मोली, प्लॅटी या जाती जड पाण्यात खुशाल राहतात, मोलीला तर तेच आवडतं. हा सल्ला लाखमोलाचा होता. लोक भलताच मासा आवडला म्हणून घेऊन येतात आणि मग वर्षभर पाण्यात निरनिराळी औषधं ओतत बसतात.

उरलेल्या दोन गोल्डफिशसाठी त्या दिवशीचा इलाज साधा होता. दोन दिवस खाणं बंद. एक तृतीयांश पाणी काढून, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच पाणी हळूहळू घालायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आणि अक्कांनी आपल्या चालू टाकीतला एक जुना, मळका स्पंज पिशवीत ओल्यानं बांधून दिला. विरजणच ते! आईनं तो घरी आणून स्वतःच्या हातानं फिल्टरशेजारी लावला, तेव्हा तिला किती जड गेलं असेल, हे ज्या घरात ओटा दिवसातून चारदा पुसला जातो त्या घरच्या बाईलाच कळेल.

दोनांपैकी एक मासा वाचला. तो पुढे अक्कांच्या मोठ्या टाकीत गेला. पेटीत आधी दोनच मोली आले, महिन्याभरानं चार गप्पी. दर दोन दिवसांनी नळीत थेंब टाकून पाण्याचा रंग पाहायचं काम मुलानं आपणहून घेतलं. तो वहीत तारखा घालून लिहू लागला. अमोनियाचा हिरवा रंग उतरत गेला, मग नायट्राइटचा जांभळा चढला, मग तोही फिका झाला. सहाव्या आठवड्यात दोन्ही नळ्या निर्दोष आल्या. टेबल पुन्हा कधी फिरलं, ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मधे एकदा पाणी दुधासारखं पांढरट झालं, तेव्हा आईचा हात ब्रशकडे गेलाच होता. पण नव्या पेटीत तेही होतं, जंतूंची ती तात्पुरती गर्दी असते आणि खाणं कमी केलं की काही दिवसांत पाणी आपोआप निवळतं. पाणी हिरवं झालं तर दोष खिडकीतल्या उन्हाचा, पेटीची जागा बदलायची. खाणंही मुलगा दिवसातून पाच-सहा वेळा टाकायचा, कारण मासे खायला वर आले की त्याला गंमत वाटायची. ते दोनदा झालं, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच.

"माणसांना पाणी नाही"

सगळं सुरळीत झालं आणि २०१९ चा उन्हाळा आला. तो उन्हाळा चेन्नईकर विसरणार नाहीत. पूंडी, चोळवरम, रेडहिल्स आणि चेंबरंबाक्कम, शहराला पाणी देणारे चारही तलाव जवळपास कोरडे पडले. इमारतीच्या बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. पाण्याची लॉरी नोंदवली तर कधी येईल याचा नेम नाही. खाली प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी घागरींची रांग लागे.

अशा एका संध्याकाळी घागर घेऊन जिना चढताना मामींची नजर उघड्या दारातून पेटीवर गेली. "माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुमच्याकडे मासे पोहताहेत," त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता, पण आईच्या मनाला ते लागलं. खरंच होतं ना. विदर्भातल्या उन्हाळ्यात वाढलेल्या बाईला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. रात्री तिनं बाबांना सांगितलं, मासे अक्कांकडे देऊन टाकू.

मुलानं ते ऐकलं. तो काही बोलला नाही. सकाळी वही पुढे आणून त्यानं आईला हिशेब दाखवला. आधी दर रविवारी सगळं पाणी जायचं, पन्नास लिटर, आणि खडे-स्पंज धुवायला जवळपास तितकंच. आता आठवड्याला पाचवा हिस्सा, म्हणजे दहा लिटर, एक छोटी बादली. खडे धुणं नाहीच. शिवाय ते दहा लिटरही वाया जात नव्हतं. नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. गॅलरीतल्या कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला ते पाणी जात होतं आणि त्यांना वेगळं पाणी द्यावं लागत नव्हतं. अक्कांच्या सांगण्यावरून मनी प्लांटची मुळं पेटीत सोडली, तेव्हा तीही नायट्रेट शोषू लागली आणि पाणी बदलणं दोन आठवड्यांवर गेलं. मासे राहिले.

त्या दिवसांत कुणी काय काय वापरत नव्हतं! एसीच्या नळीखाली बादल्या लागल्या होत्या, ते पाणी फरशी पुसायला जाई. मुलगा ते पेटीत घालायला निघाला होता, पण अक्कांनी अडवलं. एसीच्या आतल्या नळ्या तांब्याच्या असतात आणि तांब्याचा अंशही माशांना घातक ठरू शकतो. लॉरीच्या पाण्याला तर एकदा नाकात जाईल इतका क्लोरीनचा वास होता. तेव्हापासून झाकण न लावलेल्या बादलीत हवेचा पंप सोडून पाणी दिवसभर ठेवायचं आणि मगच वापरायचं, असं ठरलं. घाई असेल तेव्हा दुकानात मिळणारे थेंब. त्यांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटोग्राफरांच्या अंधाऱ्या खोलीतला हायपो तो हाच.

१२ जुलै २०१९ ला जोलारपेटहून पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी विल्लिवाक्कमला आली. कोळत्तूरला लागूनच ते स्टेशन. बाबांनी तीन वर्षांपूर्वीची आठवण काढली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला अशीच पाण्याची गाडी गेली होती. रेल्वेच्या माणसाला त्या गाडीचं कौतुक वाटणं साहजिकच होतं. आई मात्र गप्प होती.

वीज गेली तेव्हा

डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईवर पाण्याची तऱ्हा नेमकी उलटी झाली. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसानं शहर बुडालं, कोळत्तूरच्या गल्ल्यांतून पाणी साचलं आणि वीज गेली. पेटीतला पंप थांबला, फिल्टर थांबला. मुलगा आता चौदा वर्षांचा झाला होता. त्यानं आधी खाणं बंद केलं. मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, पण ऑक्सिजनशिवाय नाही. मग स्टीलचा तांब्या घेऊन तो पेटीतलंच पाणी उचलायचा आणि वीतभर उंचावरून पुन्हा आत ओतायचा. दहा-पंधरा तांबे, मग अर्ध्या तासाची विश्रांती. खालच्या मजल्यावर पाणी शिरायची भीती होती, म्हणून तिथला मित्र आपले मासे बादलीत घालून वर आला होता. दोघं मेणबत्तीच्या उजेडात तमिळमध्ये वाद घालत पाळ्या लावत होते. मध्यरात्रीनंतरची पाळी आईनं घेतली. मामी आपल्या घरातला बॅटरीचा दिवा घेऊन येऊन बसल्या आणि घटकाभरानं त्यांनीही तांब्या हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे आले. दोन्ही मुलं ओरडत पेटीकडे धावली आणि फिल्टरच्या बटणाशी हात गेला.

"थांबा," आई म्हणाली. "बटण नका लावू. आधी तो काढा बाहेर."

तीन दिवस बंद राहिलेल्या फिल्टरमध्ये ऑक्सिजनविना पाणी सडलेलं असतं. बटण दाबलं की ते सगळं एकदम पेटीत येतं. तिनं फिल्टर उघडून आतलं पाणी मोरीत ओतलं, वास घेतला, नाक मुरडलं. मग पेटीतलंच दोन तांबे पाणी एका पातेल्यात काढून स्पंज त्यात हलकेच दोनदा बुडवला. अजून तो बराच मळका दिसत होता. तिनं तो तसाच परत बसवला.